पिंगच्या पोटात

त्या इमारतीच्या मागच्या भागाला सगळे 'सासर' म्हणत. हे नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण होतं मात्र चपखल. एकदा आत गेलं की मनात येईल तेव्हा बाहेर पडता येत नाही, जेवण वेळेवर मिळतं, अंथरूण मिळतं, आणि बोललेला शब्दन् शब्द कुणीतरी ऐकत असतं. पुढच्या भागात काम करणारे रोज संध्याकाळी आपापल्या घरी जात, म्हणून तो भाग आपोआपच 'माहेर' झाला.

सासरी प्रश्नपत्रिका छापल्या जात. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या. दरवर्षी निवडलेली माणसं आत जात, त्यांच्या पाठीमागे दाराला सील लागे, आणि पेपर मुलांच्या हातात पडेपर्यंत ते सील निघत नसे. फोन नाही, पत्र नाही, खिडक्यांना पलीकडचं दिसू न देणारी जाड काच. आतल्या कुणाच्या घरी दुखलंखुपलं तर निरोप मोठ्या साहेबांकडे यायचा, आणि तो आत सांगायचा की नाही ते साहेब ठरवायचे. बहुतेक वेळा ते सांगतच नसत. "आत कळून तो करणार काय? उगाच जीव टांगणीला," असं त्यांचं म्हणणं. मागे एकदा एका छपाईवाल्याचे सासरे वारले, ते त्याला सील निघाल्यावर दारातच कळलं होतं. सगळ्यांना ते माहीत होतं.

मुंगी माहेरी होती. नेटवर्क तिच्या ताब्यात. अंगाने किरकोळ, बोलणं कामापुरतं, आणि एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की सोडायची नाही. "साखर कुठे सांडलीय ते हिला सगळ्यांच्या आधी कळतं," असं म्हणून मोठ्या साहेबांनीच तिला ते नाव दिलं होतं, आणि आता पगाराच्या कागदाखेरीज तिचं खरं नाव कुठेच उरलं नव्हतं.

आतून बाहेर जाणारी सगळी दारं मुंगीने स्वतःच्या हातांनी बुजवली होती. मेल जात नसे, फाईल जात नसे, कुठलं पान उघडत नसे. सुटा होता तो एकच, पिंग. आतलं यंत्र मुख्यालयातल्या यंत्राला सारखं विचारत राही, 'आहेस का?' तिकडून उत्तर येई, 'आहे.' बस, एवढंच. हा पिंग थांबला की आत काहीतरी बिघडलंय असं मुख्यालय धरून चाले. मग भोंगा वाजे, दारावरचा पहारा दुप्पट होई, आणि साहेबांना असतील तिथून धावत यावं लागे.

मुख्यालयाचं मात्र एक होतं. त्यांच्या यंत्राचा पत्ता सारखा बदलायचा. दर वेळी नियम बदला, दर वेळी सह्या. शेवटी कंटाळून मुंगीने लिहून टाकलं होतं, पिंग कुठल्याही पत्त्यावर जाऊ द्यावा. बिचाऱ्या पिंगमध्ये असतंच काय चोरण्यासारखं?

त्या दिवशी सकाळी साहेब तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले. हातात चहाचा कप, चष्मा कपाळावर.

"मुंगी, दुपारी कमिटी येतेय. त्यांना दाखवायला एक सरळ रेघ काढून दे."

"कसली रेघ, साहेब?"

"कसली का असेना! आतलं सगळं सुरळीत आहे अशी. कमिटीला सरळ रेघा फार आवडतात. वाकडी दिसली की प्रश्न विचारतात."

पिंगची रेघ सगळ्यांत सरळ असणार, म्हणून तिने तीच काढायला घेतली. आणि रेघ वाकडी आली.

तिला आधी वाटलं, आपणच चुकलो. पुन्हा काढली. तोच उंचवटा, तिथेच. पिंग म्हणजे एकाच मापाची पाकिटं, कारखान्यातून एकामागून एक निघणाऱ्या विटांसारखी. इथे मात्र काही पाकिटं हडकुळी होती, काही पोट फुगलेली. ती मुख्यालयाकडेही जात नव्हती. भलत्याच एका पत्त्यावर जात होती.

तिने एक पाकीट उघडलं.

पिंगच्या पोटात भरताड असतं, ओळीने लावलेली तीच ती अक्षरं. उत्तर देणारं यंत्र ते भरताड जसंच्या तसं परत पाठवतं. दरीत हाक मारावी आणि तीच हाक परत यावी, तसं. इथे आतून एक जात होतं आणि बाहेरून दुसरंच येत होतं. हाक घालावी आणि समोरच्या डोंगराने स्वतःच्या मनाने काहीतरी बोलावं! कुणीतरी कुणाशी तरी बोलत होतं.

आतली अक्षरं निरर्थक दिसत होती, पण त्यांना कुलूप नव्हतं. नुसती दुसऱ्या वेषात बसवली होती. मूळ रूपात आणायला तिला एक ओळ लिहावी लागली. पडद्यावर मजकूर उमटला, आणि तिने खुर्ची मागे सरकवली. जणू पडद्यातून कुणी हात बाहेर काढला होता.

'बोका कसा आहे?'

'बरा आहे. पुढचा दात दिसायला लागला.'

'चावतो का?'

'कालपासून सगळ्यांना.'

बोका. जगात हे नाव ठाऊक असलेली माणसं एका खोलीत मावली असती. ते तिनेच ठेवलेलं होतं. दवाखान्यात भाच्याचं गोल, रागीट तोंड पाहून ती म्हणाली होती, "हा तर बोका," आणि तेच चिकटलं.

आतून बोलणारा तिचा धाकटा भाऊ होता.

धाकटा सासरी जुळणीला होता. प्रश्नांचा मजकूर यंत्रावर बसवून छपाईला द्यायचा, हे त्याचं काम. नोकरीसाठी साहेबांकडे शब्द तिने टाकला होता. आत जायच्या आधी तिच्या घरी जेवायला बसलेला असताना, आमटीत चमचा फिरवत त्याने विचारलं होतं, "ताई, त्या पिंगच्या पोटात काय असतं गं?" आणि तिने, त्याला कधी नव्हे तो आपल्या कामात रस वाटतोय म्हणून खूश होऊन, सगळं समजावून सांगितलं होतं. भरताड असतं. कुणी बघत नाही.

त्या क्षणी तिला धाकट्याचा राग आला तो असा, की समोर असता तर तिने त्याच्या कानाखाली वाजवली असती. आणि रागाच्या पोटात थोडं हसूही होतं. बाप झालेला माणूस सील तोडून विचारतोय काय, तर पोराला दात आला का! साहेबांना सांगावं की आधी गुपचूप बंद करावं, याचा विचार करत ती पुढे वाचत गेली.

'बोक्याला ताप आहे.'

'किती?'

'उतरत नाही. रात्रभर कण्हत होता.'

'साहेबांना फोन कर. मला सोडायला सांग.'

'केला. ते म्हणाले, सोडता येणार नाही.'

साहेबांना माहीत होतं? सकाळी चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले, रेघांवर विनोद केले, आणि हे माहीत होतं?

'ताईला कळव.'

'नको. त्या नियमाबाहेर जाणार नाहीत.'

हे वाक्य तिला बसलं. कारण खरं होतं. सील असेपर्यंत आतल्यांच्या घरी माहेरच्या कुणी जायचं नाही, फोन करायचा नाही, असा नियम होता, आणि तिने तो पाळला होता. भावाचं घर तिच्या रस्त्यावर पडायचं. तिथून जाताना ती वरच्या खिडकीकडे बघायची आणि पुढे जायची.

'दवाखान्यात आणलंय. श्वास लागतो.'

'वरचे मास्तर आहेत ना सोबत?'

'तेच आहेत. ऑक्सिजनवर ठेवलंय. मास्तरांच्या ओळखीचे एक मोठे डॉक्टर आहेत, ते हात लावायला तयार आहेत. पण त्यांचा मुलगा यंदा परीक्षेला बसतोय.'

यानंतर आतून बराच वेळ काही गेलेलं नव्हतं. आणि मग चारच शब्द.

'काय हवंय त्यांना, सांग.'

त्यापुढे कालच्या तारखेने पाकिटांची रांग लागली होती, एकजात पोट फुगलेली, आतून बाहेर. तिने ती उघडली नाहीत. त्यांत काय असणार ते तिला कळलं होतं, आणि कळलेलं डोळ्यांनी बघायची हिंमत नव्हती. तिच्या डोक्यात एवढंच होतं की बोका ऑक्सिजनवर आहे आणि आपण इथे रेघा काढतोय. तिने भावजयीला फोन लावला. तो वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिने पर्स उचलली आणि कुणाला न सांगता निघाली. नोकरीत पहिल्यांदा.

कुठल्या दवाखान्यात नेलंय ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून आधी घर. शेजारपाजारच्यांना तरी माहीत असेल. जिना चढताना ती मनात शब्द जुळवत होती, भावजयीला काय म्हणायचं, कसं म्हणायचं. दुसऱ्या मजल्यावर आली तर दार सताड उघडं.

आत जमिनीवर सतरंजी. सतरंजीवर वरच्या मजल्यावरचे मास्तर मांडी घालून बसलेले. त्यांच्या मांडीवर बोका. मास्तर त्याला वाटीतलं काहीतरी भरवत होते आणि बोका दुसरा चमचा वाटीवर दणादण आपटत होता.

"या या, ताई!" मास्तर म्हणाले. "बघ रे बोक्या, कोण आलंय! आत्या आपल्याला विसरली म्हणून रुसला होतास ना?"

मास्तर वर कॉम्प्युटरचे क्लास घेत. धाकट्याचा दोस्त. अडीअडचणीला धावून येणारा, सगळ्यांना 'ताई', 'माई' म्हणणारा माणूस. मुंगीने त्यांना उत्तर दिलं नाही. ती गुडघ्यांवर बसली, बोक्याच्या कपाळाला हात लावला, मग पोटाला, मग छातीला कान लावला. कपाळ गार. छातीत खरखर नाही. बोक्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिच्या गालाला चावला. नवा दात लागला.

भावजय हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "अगंबाई, ताई! तुम्ही कशा काय? आणि चपला घालूनच आत?"

"ताप कधी उतरला?" मुंगीने विचारलं.

"कसला ताप?"

"बोक्याचा."

"बोक्याला कुठे ताप आलाय? ठणठणीत आहे. हे काय, बघा की."

मास्तरांच्या हातातला चमचा बोक्याच्या तोंडापाशी येऊन थांबला होता. बोक्याने आ केला, वाट पाहिली, आणि चिडून ओरडला. मग मास्तरांनी चमचा वाटीत ठेवला, वाटी सतरंजीवर ठेवली, पोराला आईच्या कडेवर दिलं. सगळं सावकाश, नीट.

"मी येतो. क्लासची मुलं आली असतील. बसा ताई, बसा," असं म्हणून ते वर गेले. जिन्यावरून मात्र सावकाश गेले नाहीत. पावलं धावत गेलेली दोघींनीही ऐकली.

मुंगीला अजून काही कळलं नव्हतं. "तू दवाखान्यातून कळवलंस ना त्याला? ऑक्सिजन लावलाय म्हणून?"

भावजयीचं तोंड उतरलं, पण भलत्याच कारणाने. "तुम्हाला समजलं वाटतं," ती म्हणाली. "रागावू नका, ताई. मी नको म्हणत होते. हे म्हणाले, नुसती खुशाली कळली तरी पुरे. जाताना मास्तरांशी ठरवून गेले. यांनी आतून लिहायचं, मास्तरांनी मला येऊन सांगायचं, आणि मी म्हणेन ते त्यांनी तिकडे पाठवायचं. बोका कसा आहे, जेवला का, एवढंच हो. दुसरं काही नाही. बोक्याची शपथ."

"आणि काल काय पाठवलंस?"

"काल? काल कुठलं! ती लाईन केव्हाच बंद झाली ना. मास्तरच म्हणाले, आतून काही येत नाही, पकडलं असेल, आता गप्प बसा. दात आला हे कळवलं, तेच शेवटचं. तेव्हापासून ना त्यांचा निरोप, ना माझा."

वाक्य मुंगीच्या कानात शिरलं होतं, पण त्याचा अर्थ लागायला वेळ लागत होता, जसा भाजल्यावर चटका जाणवायला लागतो. दात आला इथपर्यंत आई बोलत होती. त्यापुढे ताप, श्वास, ऑक्सिजन, साहेबांना केलेला फोन, 'ताई नियमाबाहेर जाणार नाहीत', सगळं मास्तर. वरच्या मजल्यावर बसून, भावजयीच्या तोंडी घालून, शब्दन् शब्द. आणि रोज खाली येऊन त्याच पोराला मांडीवर घेऊन भरवत होते. साहेबांनी काही लपवलं नव्हतं. त्यांना कुणी फोनच केला नव्हता.

आणि आपण आत्ता त्यांच्या तोंडावर 'ताप' म्हणालो.

ती ताडकन उठली. "बोक्याला घे. हातात असेल ते घे आणि माझ्या घरी जा. ही किल्ली. मास्तरांनी हाक मारली तरी थांबायचं नाही. मागून मी सगळं सांगते."

"अहो पण झालं काय? यांना काही झालंय का?"

"धाकट्याला वाटतंय, बोका मरायला टेकलाय," मुंगी म्हणाली.

भावजयीने बोक्याला इतक्या जोरात छातीशी धरलं की तो रडायला लागला.

ती ऑफिसात पोचली. पडद्यावर नवीन पाकिटं आलेली होती. आता तिने काहीच न उघडता सोडलं नाही. काल गेलेल्या रांगेतलं पहिलं उघडलं. उतारावरून घरंगळणारा गोळा, त्याचा तळाशी पोचतानाचा वेग, खाली चार पर्याय. पर्याय वाचायच्या आधीच तिने ते बंद केलं. जे बघायचा तिला हक्क नव्हता ते एका परक्या माणसाच्या यंत्रात सुखाने बसलेलं होतं. भौतिकशास्त्राचा सगळा विभाग गेला होता.

मग आत्ताचं. बाहेरून आलेलं.

'अहो, लवकर पाठवा. डॉक्टर थांबत नाहीत. त्याला आत नेतायत. जीवशास्त्राचं राहिलंय ते आत्ताच्या आत्ता.'

आणि खाली, तिच्या डोळ्यांदेखत, पाकिटं निघायला लागली. एक. आणखी एक. पिंगच्या पोटात फार मावत नाही. एकेक प्रश्न तुकड्या-तुकड्याने जात होता. रक्तातला ऑक्सिजन फुफ्फुसातून पेशींपर्यंत कसा पोचतो, असा पहिला प्रश्न होता. भिंतीपलीकडे, जाड काचेमागे, तिचा भाऊ तो प्रश्न बाहेर ढकलत होता, आणि ढकलताना त्याच्या डोळ्यांपुढे काय असेल हे तिला दिसत होतं.

छपाई सुरू झाली की नेटवर्कचा एकही नियम एकट्याने बदलता येत नसे. साहेबांची खूण लागे, आणि साहेब कमिटीबरोबर बंद खोलीत होते. तिच्या एकटीच्या हातात एकच गोष्ट होती. वायर. पण वायर काढली की मुख्यालयाचा पिंगही थांबणार, भोंगा वाजणार, पहारा धावणार. गुपचूप थांबवायला जागाच नव्हती. थांबवणं म्हणजेच सांगणं होतं, आणि सांगणं म्हणजे धाकट्याला पोलिसांच्या हाती देणं.

थांबवलं नाही तर? कुणाला कळणार होतं? पिंगच्या पोटात ती सोडून कुणी बघत नव्हतं. एक सरळ रेघ काढून कमिटीला दिली असती की संपलं. आणि मग हजारो मुलं परीक्षेला बसली असती. वर्ष-वर्ष घासलेली, झोप मोडून पाठांतर केलेली. आणि त्यांच्यातच कुठेतरी मास्तरांनी निवडलेली मुलं. पुढे कधीतरी कुणाच्या तरी खऱ्याखुऱ्या बोक्याला खराखुरा श्वास लागला असता, आणि त्यांतलाच एखादा डॉक्टर म्हणून त्याच्या उशाशी उभा राहिला असता.

पडद्यावर आणखी एक पाकीट गेलं.

मुंगीने टेबलाखाली वाकून वायर उपटली.

भोंग्याचा आवाज तिने आजवर फक्त चाचणीच्या वेळी ऐकला होता. खराखुरा भोंगा कितीतरी मोठा वाटला. साहेब धावत आले, चष्मा अजून कपाळावरच, मागे कमिटीतली दोन-तीन गोंधळलेली तोंडं.

"काय झालं? वायर सुटली का गं?"

"सुटली नाही, साहेब. मी काढली."

तिने सांगितलं. तिला लांबण लावता येत नसे, त्या दिवशी तर मुळीच आलं नाही. साहेब ऐकता ऐकता खुर्चीचा आधार शोधू लागले, आणि खुर्ची जवळ नव्हती म्हणून टेबलाच्या कडेवर टेकले.

"पण मला फोन आलाच नाही," ते म्हणाले. "कुणाचाच आला नाही. आला असता तर मी त्याला..." आणि थांबले. आला असता तर काय केलं असतं ते त्यांना आणि तिला, दोघांनाही माहीत होतं. धाकट्यालाही माहीत होतं. म्हणून तर साहेबांच्या नावाने आलेला नकार त्याने लगेच खरा मानला.

मग साहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कामाला लागले. मुख्यालयाला फोन केला. दुसरा संच काढा, परीक्षा पुढे ढकला, कारण नंतर सांगतो. पोलिसांना मास्तरांचा पत्ता दिला. थोड्या वेळाने तिकडून उलट फोन आला. मास्तर क्लासमध्येच सापडले. फळ्यासमोर उभे होते, मुलांना शिकवत.

सासरचं सील मुदतीआधी निघालेलं मुंगीने कधी पाहिलं नव्हतं. दार उघडलं तेव्हा आतली सगळी माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती. पहारेकऱ्याने धाकट्याच्या दंडाला धरून त्याला पुढे आणलं. दाढी वाढलेली, शर्ट अंगावर लोंबणारा. त्याने साहेबांकडे बघितलं नाही, कमिटीकडे बघितलं नाही. त्याला फक्त एवढंच दिसलं की आपल्या एकट्यासाठी सील तोडलंय आणि समोर ताई उभी आहे.

"गेला ना?" तो म्हणाला. "ताई, बोका गेला ना?"

"नाही. नाही रे. बोका बरा आहे. मी आत्ता बघून आले."

"खरं?"

"हे बघ, चावला मला." तिने गाल पुढे केला. बारीकसा लाल वळ अजून होता.

धाकटा मटकन खाली बसला. हसायला लागला, मग रडायला लागला, मग दोन्ही एकदमच. पहारेकऱ्याने दंड सोडला.

"डॉक्टरांनी वाचवलं ना? मला वाटलंच होतं, वाचवतील," तो डोळे पुसत म्हणाला. "मास्तर देवमाणूस आहे, ताई. स्वतःच्या भावाने केलं नसतं एवढं केलं त्याने. मी काय केलंय ते मला माहीत आहे. साहेब, मला माहीत आहे. न्या मला कुठे न्यायचं तिथे. माझं काय व्हायचं ते होऊ दे. पोर वाचलं ना."

साहेब खिडकीच्या जाड काचेकडे बघत राहिले, जिच्यातून काही दिसत नव्हतं. गाडी यायला अजून वेळ होता. तेवढा वेळ तरी त्याच्याकडे हे राहू द्यावं, असं मुंगीच्या मनात येऊन गेलं. पण मग हे त्याला पोलीस सांगणार, कुठल्या तरी टेबलापलीकडून, परक्या आवाजात.

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्याचे दोन्ही हात धरले.

"धाकट्या, नीट ऐक. बोका आजारी पडलाच नव्हता."

"म्हणजे?"

"ताप नव्हता. दवाखाना नव्हता. तुझी बायको घरातच होती. दात आला, तिथपर्यंत ती बोलत होती. त्यानंतरचं सगळं मास्तर लिहीत होता."

धाकट्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. त्याने मान हलवली, लहान मुलाची चूक दुरुस्त करावी तशी, समजुतीने.

"नाही, ताई. रात्रभर कण्हत होता तो," धाकटा म्हणाला. "मी ऐकलंय त्याला."